नार्निया: सात महिने, दोन मुलं आणि खिळखिळं झालेलं एक पुस्तक

गेल्या जूनमध्ये सी. एस. लुइस या ब्रिटिश लेखकाच्या नार्निया या जादूच्या जगाच्या गोष्टींचे सातही भाग एकत्र बांधलेला जाडजूड ठोकळा घेतला. तेव्हापासून रोज रात्री जेवणं उरकली की अर्धा तास धाकटीला वाचून दाखवते. ती आठ वर्षांची आहे. पुस्तक इंग्रजी, माझ्या तोंडून निघतं मराठी. आत्तापर्यंत सहा भाग झाले.

आधी कामाचं सांगते. या पुस्तकांवर छापलेल्या क्रमांकांनी वाचायला सुरुवात करू नका. हल्लीच्या आवृत्त्यांत 'द मॅजिशियन्स नेफ्यू'ला पहिला क्रमांक असतो, कारण नार्नियाचा जन्म त्यात होतो. पण लुइसनं तो छापला 1955 मध्ये, सहावा म्हणून. सगळ्यात आधी आला तो कपाटाचा भाग, 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब', 1950 मध्ये. आता यावर कुणी म्हणेल की खुद्द लुइसनं 1957 मध्ये एका मुलाला पत्रातून कथेच्या कालक्रमाच्या बाजूनं कौल दिला होता. दिला होता, पण त्याच पत्रात 'क्रमानं फारसा फरक पडत नसावा' असंही लिहिलंय. आमच्या घरी फरक पडला. तीन वर्षांपूर्वी थोरल्याला मी क्रमांक पाहून एकपासून वाचून दाखवलं. तो कपाटापर्यंत पोचला तेव्हा त्या जगाची सगळी जन्मकुंडली त्याला पाठ होती. कपाटातून नार्नियात जाणाऱ्या लूसीबरोबर तो आत शिरला खरा, पण ओळखीच्या घरी गेल्यासारखा.

धाकटीची सुरुवात कपाटापासून केली. बाहेर पावसाची झड, पुस्तकातही पाऊस, म्हणून लूसी आणि तिची भावंडं घरात अडकलेली. लूसी रिकाम्या खोलीतलं मोठं कपाट उघडते, दोन डांबरगोळ्या खाली घरंगळतात. कोटांच्या रांगेतून ती आत सरकत जाते, पायाखाली काहीतरी करकरतं, तिला वाटतं डांबरगोळ्याच असतील. वाकून हात लावते तर गार, भुसभुशीत काहीतरी. इथे धाकटीनं मला थांबवलं. आजीच्या साड्यांच्या कपाटातून एक डांबरगोळी आणली, वास घेतला, फरशीवर ठेवून चपलेनं दाबून आवाज ऐकला, आणि म्हणाली, "हं, आता पुढे." फरचे कोट तिनं कधी पाहिलेले नाहीत, पण त्या एका गोळीवर तिनं अख्खं जंगल मान्य केलं. (पुढचे दोन महिने गोदरेजच्या कपाटाची झडती रोज व्हायची. दार आतून ओढून घेणं हा मूर्खपणा आहे असं लुइस पुन्हा पुन्हा बजावतो. मीही आवाज चढवून तेवढंच वाचायचे.)

मुलं त्या घरात का आली, हे पुस्तक एका वाक्यात उरकतं: लंडनवर हवाई हल्ले, म्हणून गावाकडे पाठवलेली. खरंच तसं झालं होतं. 1939 पासून लंडनची मुलं खेड्यापाड्यांत परक्यांच्या घरी राहिली, त्यातली काही ऑक्सफर्डजवळ लुइसच्या घरीही होती. धाकटीचा प्रश्न सरळ होता: "मग त्यांची आई?" पुस्तक तिथे रेंगाळत नाही. मला रेंगाळावं लागलं.

लूसीचा भाऊ एडमंड टर्किश डिलाइट या मिठाईच्या लोभानं भावंडांशी दगा करतो. आम्ही हौसेनं तो पदार्थ आणला. कराची हलव्याचा गुलाबी मावसभाऊ, वर पिठीसाखर. "ह्याच्यासाठी?" मग विचार करून: "आमरस असता तर वेगळी गोष्ट." मी तिला सांगितलं की पुस्तक आलं तेव्हा इंग्लंडात गोड खाऊ रेशनवर मिळायचा, 1953 पर्यंत. तेव्हा कुठे एडमंडला थोडी माफी मिळाली.

खटकलेलंही लिहिते. दुसऱ्या भागाचा, 'प्रिन्स कॅस्पियन'चा, पूर्वार्ध रटाळ आहे, मी बेधडक पानं गाळली. कपाटाच्या भागात फादर ख्रिसमस लूसीला खंजीर देतो, वर म्हणतो की बायका लढल्या की युद्ध कुरूप होतं. "आणि बाप्ये लढले की?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'द हॉर्स अँड हिज बॉय'मधले काळेसावळे, फेटेवाले, क्रूर आणि गुलाम बाळगणारे कॅलोरमेनी लोक वाचताना तर मी सरळ पुस्तक मिटलं आणि आम्ही त्यावर बोललो. सातवा भाग अजून सुरू केलेला नाही. मी एकटीनं वाचून ठेवलाय. त्यात लूसीच्या बहिणीला, सुझनला, ज्या कारणांवरून नार्नियाबाहेर ठेवलंय, त्यात लिपस्टिकही येते. ते कसं वाचायचं हे ठरत नाहीये. कपाटाच्या भागातल्या सिंहाच्या मरणामागचा ख्रिस्ती धागा मात्र मुलीला अजून दिसलेला नाही, आणि गोष्टीचं काही अडलं नाही.

ठोकळा घेऊ नका, सुटे भाग घ्या. टाइप बारीक, कागद पातळ, झोपून वाचताना मनगट भरून येतं. गणपतीपर्यंत कणा निखळला, दोनदा फेविकॉल लावलाय. पॉलिन बेन्सची रेखाचित्रं मात्र या कागदावरही टिकून आहेत. बर्फात छत्री धरून निघालेला बोकडाच्या पायांचा टम्नस तर बघत राहावा.

लूसीला आत गेल्यावर आधी दिसतो एक रस्त्यावरचा दिवा, ऐन जंगलात पेटलेला. "आई, तो तिथे लावला कुणी?" हा प्रश्न जूनपासून आमच्याकडे मुक्कामाला होता. तिनं स्वतःची उत्तरंही रचली: वीजमंडळ, राक्षस, मग 'लूसीच म्हातारी झाल्यावर मागे जाऊन लावेल'. जानेवारीत, सहाव्या भागात, ते पान आलं. काय होतं ते इथे सांगत नाही. धाकटी गादीवर उभी राहून ओरडली, शेजारच्या काकूंनी भिंतीवर थाप मारली. थोरला अभ्यासाचं टेबल सोडून दारात येऊन उभा होता. "मला माहीत होतं," म्हणाला, आणि पाणी प्यायला आत गेला.