दातांचा टी-नट की स्क्रूचा? घरच्या क्लाइंबिंग भिंतीसाठी

बडोद्यात गॅरेजमध्ये किंवा गच्चीवरच्या खोलीत भिंत उभी करायची, प्लाय आयएस 710 चा (म्हणजे मरीन प्लाय), 18 मिमीचा घ्यायचा, इथवर ठरलं असेल तर पुढचा प्रश्न टी-नटचा, म्हणजे प्लायच्या भोकात मागून बसणाऱ्या आणि समोरून येणारा बोल्ट धरणाऱ्या नटचा. चार दातांचा, मागून ठोकायचा. की गोल चकतीचा, तीन छोट्या स्क्रूंनी बसवायचा? आटे दोन्हींत एम10 चेच (10 मिमी बोल्टचे), त्यामुळे होल्डना, म्हणजे चढताना धरायच्या, बोल्टने लावायच्या खुंट्यांना फरक पडत नाही.

दातांचा स्वस्त, आणि पटापट लागतो. 8 बाय 4 फुटी प्लायवर 20 सेंमी अंतराने साधारण 70 भोकं पडतात. स्क्रूवाले घेतले तर तेवढ्यालाच 200 च्या वर स्क्रू. कंटाळवाणं काम आहे, नाही म्हणत नाही. स्क्रू 16 मिमीपेक्षा लांब नकोत, नाहीतर टोक समोर डोकावतं.

तरी माझा कल स्क्रूवाल्याकडे, आणि कारण एकच: नट गरगरणं, म्हणजे पकड सुटून बोल्टबरोबर जागीच फिरत राहणं. बोल्ट लावताना आपण तो समोरून दाबतो. तोच दाब दातांना लाकडातून मागे ढकलतो. त्यात बोल्ट तिरपा धरून वर इम्पॅक्ट ड्रायव्हर चालवला, की दात लाकूड कुरतडून मोकळे. मग बोल्ट ना आत जातो, ना बाहेर येतो. मागे हात पोचला तर लॉकिंग पकडीने नट धरता येतो. भिंतीमागे 10 सेंमीच जागा असेल तर होल्डखाली पटाशी सारून, बाहेर ओढत बोल्ट उलटा फिरवायचा. दात पुन्हा रुतले तर ठीक. नाहीतर बोल्टचं डोकं ड्रिलने उडवा आणि ते भोक विसरा. पावसाळ्यात फुगलेला प्लाय उन्हाळ्यात सुकला की ही पकड बहुधा आणखी ढिली होते.

निम्मा दोष हाताळणीचा, हेही खरं. पहिले तीन-चार आटे हातानेच बसवावेत. होल्ड फिरत असेल तर बोल्ट आवळत सुटू नये, होल्डच्याच छोट्या भोकातून लाकडात जाणारा स्क्रू मारावा. धुतलेला होल्ड ओलाच लावला तर आटे गंजतात. मग टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून ते साफ करायला जावं, तर दातांचा नट त्या टॅपबरोबरच फिरायला लागतो.

मागे माणूस शिरेल एवढी जागा असेल तर दातांचे खुशाल घ्या. फक्त ठोकू नका. समोरून बोल्ट आणि मोठा वॉशर लावून आत ओढून घ्या, सरळ बसतात. व्हॉल्यूमसाठी (भिंतीवर बसवायचा मोठा पोकळ आकार, ज्यावर होल्ड लावतात) मात्र तिथेही स्क्रूवालेच, कारण आतला एक नट गरगरला तर अख्खा व्हॉल्यूम उतरवावा लागतो.