गेली ती जुनी डिस्क

फैजपूरजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. सातबारा, केळीचा पीक विमा, पोरांचे दाखले. २०२१ मध्ये घेतलेला लॅपटॉप इतका रखडायचा की विंडोज सुरू होईपर्यंत समोरचा शेतकरी चहा पिऊन परत यायचा. म्हणून यंदा उन्हाळ्यात तो घेऊन भुसावळला एका दुकानात गेलो.

दुकानदार गोड बोलणारा. "भाऊ, एसएसडी टाका, म्हणजे जुनीच्या जागी नवी वेगवान डिस्क. तुमची विंडोज, हिशेब, फोटो, सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर उचलून ठेवतो. जुनी १ टीबीची डिस्क केसिंगमध्ये, म्हणजे बाहेरून जोडायच्या डबीत, घालून देतो, बॅकअपला वापरा." ४,५०० रुपये ठरले. संध्याकाळी या म्हणाला.

लॅपटॉप हातात आला तेव्हा पंधरा सेकंदांत सुरू झाला. मी खूश. पण आपणही काही कमी नाही हे दाखवायचं म्हणून एसएसडीची साइज बघितली. ५१२ जीबी सांगितले होते, दिसत होते ४७६. मी तिथेच वाद घातला. त्यानं शांतपणे समजावलं की कंपनी हजाराच्या हिशेबानं जीबी मोजते आणि विंडोज १०२४ च्या. त्याचं बरोबर होतं. मीच ओशाळलो, आणि त्या ओशाळलेपणात बाकी काही न बघता पैसे दिले. केसिंगवर "उघडल्यास वॉरंटी रद्द" असं स्टिकर होतं. आत काय आहे हे विचारायचं सुचलंच नाही.

दोन महिन्यांनी बॅकअप घेताना जुनी डिस्क अडकायला लागली, आतून टकटक आवाज. धुळ्याहून भाचा आला होता. त्यानं क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर लावलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मामा, हाई तुमनी डिस्क नही शे."

डिस्क स्वतःच आपले चाललेले तास मोजत असते. हिचे २६,००० च्या वर होते, म्हणजे चोवीस तास चालवली तरी जवळजवळ तीन वर्षं. माझा लॅपटॉप दिवसाला पाच-सहा तास चालतो, चार वर्षांत फार तर नऊ हजार. मग त्यानं डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या उपकरणांच्या यादीत, लपलेली उपकरणं दाखवायला लावली. विंडोज जशीच्या तशी उचलून आणल्यामुळे तिला जुन्या डिस्कचं नाव अजून आठवत होतं: फिकट चिन्हापुढे, वेगळ्याच कंपनीचं मॉडेल. स्टिकर फाडून केसिंग उघडलं. आतली डिस्क त्या मॉडेलची नव्हतीच.

दुकानदार म्हणाला, "विंडोज काहीही दाखवते भाऊ. तुमचीच आहे." सीरियल नंबर मी कुठे लिहून ठेवला होता? लॅपटॉप देण्याआधी त्याच सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल, नंबर आणि तास मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवायचे, दोन मिनिटांचं काम. आणि आपल्यासमोर क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची नव्यावर हुबेहूब नक्कल, करून घ्यायचं. तास-दीड तास बसावं लागतं, बसा. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला, तर पहिला प्रश्न पावतीचा. माझ्याकडे चिठ्ठी होती, तिच्यावर "एसएसडी + काम ४,५००" एवढंच. जुन्या डिस्कचा उल्लेखच नाही.

पैशांचं दुःख मी सोडून दिलं असतं. पण माझ्या खऱ्या डिस्कवर गावातल्या लोकांची आधार कार्डं आणि बँक पासबुकं स्कॅन करून ठेवलेली आहेत. दुकानदार म्हणाला होता, फॉरमॅट मारलंय. क्विक फॉरमॅटमध्ये फक्त फायलींची यादी पुसली जाते, माल आत तसाच राहतो. डिस्क खरंच कोरी करायची तर क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावं लागतं. १ टीबीला काही तास लागतात. दुकानात एवढा वेळ कोण देतो?

भाच्यानं हे मला सांगितलं नाही, दाखवलं. त्या टकटकणाऱ्या डिस्कवर त्यानं रिकव्हरीचं सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं. सकाळी बघतो तर कुणाच्या तरी मुलीच्या वाढदिवसाचे फोटो, एक दहावीचं मार्कशीट, आणि घराच्या कर्जाचे कागद. नाव-गाव सगळं स्वच्छ वाचता येत होतं. आम्ही ते पुसून टाकलं. मग मी रजिस्टर काढलं आणि ज्यांचे कागद माझ्याकडे होते त्यांना एकेक करून फोन लावायला बसलो.