एका क्रियापदाची सकाळ: नौपाड्यातील भाषाविज्ञान वर्ग

ठाण्यात नौपाड्यात भरणाऱ्या रविवारच्या भाषाविज्ञान वर्गाने या वेळी ‘बेरनं’ या एकाच आदिजर्मानिक, म्हणजे इंग्रजी, जर्मन आदी भाषांच्या समान पूर्वजभाषेतील, क्रियापदाला संपूर्ण सकाळ दिली आणि हा निर्णय मला अत्यंत योग्य वाटला. ‘वाहून नेणे’ या अर्थाचे हे रूप कोणत्याही लिखाणात सापडत नाही. गॉथिक ‘बैरन’, जुन्या इंग्रजीतील ‘बेरन’ आणि जुन्या नॉर्समधील ‘बेरा’ यांच्या तुलनेतून ते सिद्ध केलेले असल्यामुळे त्याच्या आधी तारका लावतात, हे शिक्षिकांनी फळ्यावर एकेक रूप मांडत दाखवले. त्याही मागे आदि-इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत आणि जर्मानिक या दोन्हींच्या पूर्वजभाषेतील, ‘भेर्’ हा धातू आहे, ज्यातून संस्कृत ‘भरति’ आणि आपला ‘भार’ आला. मूळचा ‘भ’ जर्मानिक शाखेत ‘ब’ होतो, हा बदल जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडलेल्या नियमात बसतो. संस्कृत शिकलेल्या श्रोत्याला हा भाग विलक्षण आनंद देतो.

इंग्रजी ‘बेअर’ (वाहणे) आणि ‘बर्डन’ (ओझे) यांच्यासोबत जर्मन ‘गेबेरेन’, म्हणजे जन्म देणे, हेही याच कुळातले. मात्र ‘बेअर, बोअर, बॉर्न’ यांतील स्वरबदल शेवटच्या काही मिनिटांत उरकण्यात आला, जे खटकले, कारण सबल, म्हणजे आतला स्वर बदलून भूतकाळ दाखवणाऱ्या, क्रियापदांचा तोच गाभा आहे. टिपणांतील अक्षरे फार बारीक होती. शुल्क माफक आहे. व्याकरणाची आवड असणाऱ्यांनी अवश्य नाव नोंदवावे.