घर घेण्याआधी इन्स्पेक्शन केलं तरी फसलो, नेरूळचा अनुभव

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही नेरूळला सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमधला रीसेल टू बीएचके घेतला. सासूबाईंना दमा आहे म्हणून मीच हट्ट धरला की टोकन देण्याआधी घर नीट तपासून घेऊ, ओल आहे का, बुरशी आहे का ते बघू. एजंट लगेच म्हणाला, मॅडम माझ्या ओळखीचा इन्स्पेक्शनवाला आहे, मशीन घेऊन येतो, बारा हजार घेईल. चूक तिथेच झाली. सौदा झाला की ज्याला दलाली मिळणार, त्याच्याच माणसाला आम्ही घर तपासायला बोलावलं.

त्याच्याकडे ओल मोजायचं मीटर होतं, दोन टोकदार पिना असतात, भिंतीत टोचल्या की आकडा येतो. त्याने त्या हॉलच्या मधल्या भिंतीत टोचल्या, किचनच्या कोरड्या बाजूला टोचल्या. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला मालकाचं मोठं कपाट होतं, ते कुणी हलवलंच नाही. घरभर नव्या रंगाचा वास येत होता, मला वाटलं विकायचंय म्हणून रंगवलंय, आणि छताला पीओपी पण नवीनच. अठरा पानी रिपोर्ट आला. ओल नाही, बुरशी नाही, व्हेंटिलेशन उत्तम, रंगात शिसं नाही.

जुलैत त्याच भिंतीचा रंग फुगला. बोट लावलं तर पुट्टी भिजलेल्या कणकेसारखी हातात आली आणि मागे कपाटाच्या उंचीएवढी काळी बुरशी, वास असा की नाकात बसला. सासूबाई रात्र रात्र खोकत होत्या, पंप उशाशीच ठेवावा लागला. प्लंबरने पीओपी फोडलं तर वरच्या मजल्यावरच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे जमिनीतून पाणी जायच्या जाळीखालच्या भागातून, गळती, स्लॅबचं प्लास्टर सुटलेलं आणि सळ्या गंजलेल्या.

पण मला जास्त राग येतो तो गिझरचा. बाथरूममध्ये गॅस गिझर होता आणि खिडकीच्या काचपट्ट्यांवर मालकाने अ‍ॅक्रिलिकची शीट बसवून ती पूर्ण बंद केलेली, एक्झॉस्ट फॅन नाही. रिपोर्टमध्ये उत्तम! डिसेंबरमध्ये सासूबाई आंघोळीला गेल्या, बराच वेळ आवाज नाही म्हणून ह्यांनी दार ढकललं तर त्या स्टुलावर वाकून बसलेल्या, ओकारी, डोकं गरगरतंय. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी आधी विचारलं, गॅस गिझर आहे का? बंद जागेत ऑक्सिजन कमी पडला की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणसाला कळायच्या आत शुद्ध जाते. त्या वाचल्या, थोड्याने वाचल्या.

घरी येऊन तो रिपोर्ट पुन्हा काढला. बेडरूम एक आणि बेडरूम दोनचा फोटो एकच, स्विचबोर्डाचा तुटका कोपरासुद्धा तोच. शिशाची टेस्ट केलीच नव्हती, नुसती टिक. आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर चालत नाही, पण आमच्या दारांच्या चौकटींवरचे ऑइल पेंटचे थर त्याच्या कितीतरी आधीचे, आणि मुलाच्या पलंगाजवळची चौकट सुतार कोरडीच सँडपेपरने घासणार होता, ती धूळ सगळी पोराच्या पोटात गेली असती, मी वेळेवर थांबवलं.

इन्स्पेक्शनवाल्याला फोन केला तर म्हणे आम्ही दिसतं तेवढंच तपासतो, आणि वर बुरशी काढायच्या ट्रीटमेंटचं पंच्याऐंशी हजारांचं कोटेशन पाठवलं. मी १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केलीये, दोन्ही फोटो जोडून.

माझी बहीण आता घणसोलीला घर बघतेय. तिला सांगितलंय, तपासणारा माणूस तू शोध, पैसे तू दे, एजंटच्या ओळखीचा नकोच. शक्य असेल तर पावसाळ्यात जा, बाथरूमचे नळ तासभर सोडून शेजारच्या भिंतीला हात लावून बघ, गिझर गॅसचा असेल तर बाथरूमच्या बाहेर काढून घे. आणि मालक कपाट सरकवू देत नसेल तर टोकन देऊ नकोस.