लाइव्हएटीसी डॉट नेट : कान तयार होतो, बोली मात्र पारखून घ्या

जगभरच्या विमानतळांवर वैमानिक आणि कंट्रोलर रेडिओवर काय बोलतात, ते लाइव्हएटीसी डॉट नेट ही वेबसाइट थेट ऐकवते, तेही फुकट. फोनवरचं अ‍ॅप विकत घ्यावं लागतं, पण शिकायला वेबसाइट पुरते. आरटीआरच्या, म्हणजे विमानाचा रेडिओ वापरण्याच्या परवान्याच्या, तोंडी परीक्षेची तयारी करणाऱ्यांना ती हमखास सुचवली जाते. सुचवावीच, पण एक गोष्ट आधी बजावून: न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर ऐकलेलं जसंच्या तसं परीक्षकापुढे म्हटलं, तर ते चूक ठरू शकतं.

भारतात चालते ती आयसीएओची, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची, बोली, आणि अमेरिकेची तिच्याहून बरीच वेगळी. केनेडीचा टॉवर, म्हणजे रनवे सांभाळणारा कंट्रोलर, नुकत्याच उतरलेल्या विमानाला 'ग्राउंड, पॉइंट नाइनर' एवढंच सांगतो ('नाइनर' म्हणजे नऊ). ग्राउंडची, म्हणजे जमिनीवरची ये-जा सांभाळणाऱ्या कंट्रोलरची, फ्रीक्वेन्सी १२१.९ आहे, त्यातले १२१ गृहीत धरलेले. आपल्याकडे ती 'वन टू वन डेसिमल नाइनर' अशी पूर्ण म्हणायची. फ्लाइट क्रमांक ४६२ असेल तर तिकडे 'फोर सिक्स्टी टू', इकडे 'फोर सिक्स टू'. हवेचा दाब तिकडे इंचांत, 'अल्टिमीटर टू नाइनर नाइनर टू'. इकडे हेक्टोपास्कलमध्ये, 'क्यूएनएच वन झीरो वन थ्री'. तिकडचं 'अफर्मेटिव्ह' इकडे 'अफर्म'. शिवाय अमेरिकन टॉवर पुढचं विमान अजून उतरायचं असतानाच मागच्याला 'नंबर टू, क्लिअर्ड टू लँड' म्हणून टाकतो. इतरत्र बहुतेक ठिकाणी रनवे मोकळा होईपर्यंत ही परवानगी रोखून धरतात. हे माहीत नसलं की ऐकणारा गोंधळतो.

म्हणून नवशिक्याने सुरुवात केनेडीवरून करू नये. डब्लिन किंवा अ‍ॅमस्टरडॅम निवडावं. तिथले उच्चार स्वच्छ आहेत आणि धाटणी आयसीएओची आहे. युरोपात ८.३३ किलोहर्ट्झ अंतराच्या चॅनेलमुळे फ्रीक्वेन्सीचे सहा-सहा आकडे ऐकू येतील, त्याने दचकू नये. मुंबई, पुणे, नागपूर शोधण्यात वेळ घालवू नका. भारत, ब्रिटन, जर्मनी इथलं संभाषण या वेबसाइटवर नाही. तिथले कायदे त्याला परवानगी देत नाहीत.

आता आवाजाच्या दर्जाबद्दल. इथला आवाज कोणत्याही विमानतळाकडून येत नाही. त्या परिसरातल्या हौशी मंडळींनी आपल्या घरी रिसीव्हर आणि अँटेना लावून तो पाठवलेला असतो. व्हीएचएफ लहरी सरळ रेषेत जातात, त्यामुळे अँटेना लांब किंवा इमारतींच्या आड असली की हवेतलं विमान खणखणीत ऐकू येतं आणि जमिनीवरचा कंट्रोलर मात्र गायब. काही ठिकाणी एकच स्कॅनर तीन-चार फ्रीक्वेन्सींवर फिरत असतो. प्रश्न एका फ्रीक्वेन्सीवरचा, पुढचं वाक्य दुसरीवरचं. ते एकमेकांचं उत्तर समजलात की सगळंच फसलं. फीडच्या, म्हणजे एका ठिकाणाहून येणाऱ्या प्रक्षेपणाच्या, नावाखाली फ्रीक्वेन्सींची यादी असते. एकच असलेला फीड घ्या.

मधूनच कर्कश शिट्टीसारखा आवाज येतो, तो बिघाड नव्हे. विमानांचा रेडिओ एएम पद्धतीचा असतो. दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं की दोन्ही लहरी एकमेकींत मिसळतात आणि बोलणं झाकून शिट्टी वाजते. त्यानंतर कुणीतरी 'ब्लॉक्ड' म्हणतं आणि वाक्य पुन्हा बोललं जातं. हा आवाज नीट ओळखायला शिका. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात केएलएमच्या विमानातल्या वैमानिकांना टॉवरचं 'ओके' ऐकू गेलं. त्यामागोमागचं, टेकऑफसाठी थांबा, मी बोलवीन, हे वाक्य आणि पॅन अ‍ॅमचं, आम्ही अजून रनवेवरच आहोत, हे वाक्य एकाच वेळी उच्चारलं गेलं आणि अशाच शिट्टीत बुडालं. दोन्ही विमानं धडकली आणि ५८३ माणसं गेली. आज 'टेकऑफ' हा शब्द ती परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरतात, एरवी 'डिपार्चर'. अर्धा तास टॉवर ऐका आणि हा शब्द नेमका कुठे येतो ते टिपा. ही शिस्त अशी कानाने पडताळता येते, हा या वेबसाइटचा सर्वांत मोठा गुण.

तसेच इतर शब्द. 'रॉजर' म्हणजे तुमचं सगळं बोलणं मिळालं, इतकंच. त्यात होकार नाही आणि पालनाचं वचनही नाही. ते 'विल्को'त आहे. 'स्टँडबाय' ही परवानगी नाही आणि नकारही नाही. रनवे ओलांडणं, त्याच्या अलीकडे थांबणं, उंची, दिशा, दाब, ट्रान्सपाँडरचा (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्राचा) कोड हे सगळं पुन्हा म्हणून दाखवावंच लागतं. तिथे नुसतं 'रॉजर' चालत नाही. वैमानिकाने तसं केलं की कंट्रोलर त्याला पुन्हा म्हणायला लावतो, आणि असे प्रसंग इथे ऐकायला मिळतात.

ऐकण्याचा क्रम ठेवा. आधी एटिस, म्हणजे विमानतळाचं हवामान आणि रनवे यांची माहिती, कारण तेच ते रेकॉर्डिंग फिरत राहतं. मग क्लिअरन्स डिलिव्हरी, म्हणजे निघण्याआधी मार्गाची परवानगी देणारा कंट्रोलर. कागदावर पाच ओळी आखा: कुठवर, कोणत्या मार्गाने, उंची, फ्रीक्वेन्सी, स्क्वॉक (ट्रान्सपाँडरचा कोड). स्क्वॉकच्या चार आकड्यांत ८ किंवा ९ कधीच नसतो; लिहिला गेला असेल तर ऐकण्यात चूक झाली. त्यानंतर ग्राउंड, टॉवर आणि सर्वांत शेवटी, उतरायला येणारी विमानं सांभाळणारा अ‍ॅप्रोच. शेजारी फ्लाइटरडार२४ उघडून विमान डोळ्यांनी पाहता येतं, पण आवाज थोडा उशिरा येतो, हे धरून चाला.

थेट प्रक्षेपणापेक्षा जुनी रेकॉर्डिंग जास्त उपयोगी. ती अर्ध्या अर्ध्या तासाच्या तुकड्यांत मिळतात आणि वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते; तिलाच 'झेड' म्हणतात. २३०० झेड म्हणजे उन्हाळ्यात न्यूयॉर्कला संध्याकाळचे सात आणि आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटेचे साडेचार. तुकडा उतरवून घ्या. कंट्रोलरचं वाक्य संपलं की थांबवा, वैमानिकाचं उत्तर स्वतः मोठ्याने म्हणा, मगच पुढे ऐका. अमेरिकन तुकडा असेल तर 'पॉइंट'च्या जागी 'डेसिमल' आणि 'अल्टिमीटर'च्या जागी 'क्यूएनएच' घालूनच म्हणा.