लेह, चांगस्पामधलं घरगुती गेस्टहाऊस: दोघांच्या छोट्या सहलीसाठी कसं आहे

लेहमध्ये खोली बघताना मी पडद्यांचे रंग आणि बाल्कनीचे फोटो बघितलेच नाहीत. मला तळमजला हवा होता, घरचा स्वयंपाक हवा होता, आणि रात्री दोनला दार वाजवलं तर उठणारं कुणीतरी हवं होतं. यांना बीपीची गोळी चालू आहे आणि माझे गुडघे स्वतःच्या मर्जीने चालतात. बजेटच्या नंतरचा विचार हाच. चांगस्पामधल्या या घराने तिन्ही दिलं, म्हणून आधीच सांगते: पुन्हा गेलो तर इथेच उतरू.

मालकीणबाईंना सगळे आमाले, म्हणजे लडाखीत आई, म्हणतात, आम्हीही म्हणू लागलो. बॅगा त्यांच्या मुलाने उचलल्या. यांनी मदतीला हात पुढे केला तर आमालेंनी त्यांना दटावून खुर्चीवर बसवलं आणि वेळापत्रक सांगितलं, "आज सोना, कल बैठना, परसों घूमना." यांचा चेहरा पडला, कारण यांनी घरून तासातासाचा तक्ता करून आणला होता. पण बाई बरोबर होत्या. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच. रस्त्याने चढत गेलं तर शरीराला थोडी सवय होत जाते, विमान मात्र एकदम वर नेऊन ठेवतं.

पहिल्या संध्याकाळी माझं डोकं ठणकत होतं. आमालेंनी लसणाचं गरम सूप दिलं आणि सारखं पाणी प्यायला लावलं. सुपाचा गुण किती आणि पडून राहण्याचा किती, ते सोडून देऊ. मला महत्त्वाचं वाटलं ते हे, की या घरात कुणी "कुछ नहीं होता" म्हणत नाही. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जायला लागला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर सकाळची वाट न बघता सोनम नोरबू मेमोरियल हॉस्पिटलला जायचं, हे त्यांनी जेवतानाच सांगून ठेवलं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही ते निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांनाच विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर नक्कीच.

जेवण भाड्यात धरलेलं आहे आणि त्याला माझ्याकडून पैकीच्या पैकी. स्वयंपाकघरात भिंतभर तांब्यापितळेची भांडी लखलखीत मांडलेली, पण रोजचा गाडा ओढतो तो कुकर. इतक्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजवायची म्हणजे संयमाची परीक्षा. सकाळी खंबीर मिळे. ही आंबवलेल्या कणकेची जाड, खरपूस भाकरी, सोबत लोणी आणि जर्दाळूचा जॅम. रात्री कधी थुक्पा, म्हणजे नूडल्सचं सूप, कधी स्क्यू. स्क्यू म्हणजे कणकेचे छोटे गोळे भाज्यांच्या रश्श्यात शिजवलेले. आमची वरणफळं खाऊन वाढलेल्या माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. गुरगुर चहा मात्र यांना झेपला नाही. मीठ आणि लोणी घातलेलं सूप समजून प्यायलं तर छान लागतो. चहा समजून प्यायलात तर फसाल.

आता कुरकुरी. रात्री कुत्री. लेहच्या भटक्या कुत्र्यांची सभा मध्यरात्री सुरू होते आणि खिडक्यांच्या काचा एकेरी आहेत. कानात घालायला कापूस न्या. गरम पाणी सोलर हीटरचं, तेही बादलीने. शॉवर आहे, पण आमाले तो वापरू देत नाहीत आणि मला ते पटलं. पाऊस जवळजवळ नसलेल्या गावात पाहुण्यांनी मोरी वाहती ठेवायची हे शोभत नाही. वायफाय नावापुरतं. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, तेव्हा दोघांपैकी एकाकडे तरी पोस्टपेड असू द्या.

तिसऱ्या दिवशी एकदाचं फिरायला सोडलं. गाडी आमालेंच्या ओळखीची, दर मात्र युनियनच्या छापील कार्डावरचा, त्यामुळे घासाघीस नाही. बाजारात एक एजंट एका दिवसात पँगाँग सरोवर करून आणतो म्हणून मागे लागला होता. त्या रस्त्यावर ५,३०० मीटरच्या वरचा चांग ला घाट ओलांडावा लागतो, जाताना आणि येतानाही. आम्ही हात जोडले आणि सिंधूचं खोरं धरून राहिलो.

ठिकसे मठ लेहपासून १९ किलोमीटरवर. तिथली मैत्रेयाची, म्हणजे भावी बुद्धाची, बसलेली मूर्ती सुमारे १५ मीटर उंच, दोन मजले व्यापणारी. आपण वरच्या मजल्यावरून आत शिरतो आणि एकदम चेहऱ्यासमोर उभे राहतो. १९७० मध्ये दलाई लामा इथे आले होते, त्या भेटीची आठवण म्हणून ती घडवली. मूर्तीत प्राचीन असं काही नाही, तरी मी तिथून लवकर हलले नाही. निमूजवळचा सिंधू-झंस्कार संगमही सुंदर. वाटेतल्या मॅग्नेटिक हिलवर गाडी आपोआप चढ चढते म्हणतात, म्हणून यांनी ती न्यूट्रलला टाकायला लावली. तो उताराचा दृष्टिभ्रम आहे हे मी सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही, आणि ड्रायव्हर हसला.

सेंगे नामग्याल राजाचा नऊ मजली लेह पॅलेस सतराव्या शतकातला. आत बहुतेक खोल्या रिकाम्या, दरवाजे बुटके, जिने अंधारे. गुडघेवाल्यांनी अर्ध्यावर थांबलं तरी चालेल, कारण जुन्या गावाची धाब्याची घरं तिथूनही दिसतात. शांती स्तूप या गेस्टहाऊसच्या डोक्यावरच आहे. सुमारे ५०० पायऱ्या आहेत, पण गाडीरस्ताही आहे. आम्ही गाडीने गेलो.

ज्यांना थोडक्या दिवसांत नुब्रा, पँगाँग सगळं उरकायचं आहे त्यांनी इथे उतरू नये, आमाले रोज सकाळी वाद घालतील. बाकीच्यांनी बुकिंग करताना तळमजल्यावरची दक्षिणेकडची खोली मागा. त्या खिडकीतून स्टोकची डोंगररांग दिसते. उत्तरेकडच्या खोलीला ऊन येत नाही आणि सप्टेंबरातही दुपारी स्वेटर घालून बसावं लागतं.