निकॉन एफएम२ की झेडएफसी? दोन्ही वापरणारीचं मत

बारावी झालेल्या भाच्याचा फोन आला, "मावशी, कॅमेरा रोलचा घेऊ की डिजिटल?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. माझ्याकडे दोन्ही आहेत, दोन्ही निकॉनचे, आणि शेजारी ठेवले तर सख्खी भावंडं वाटावीत असे. एफएम२ रोलचा, ते मॉडेल १९८२ सालचं; आप्पांनी सांगलीतल्या आमच्या स्टुडिओसाठी ते पुढे काही वर्षांनी जुन्यात घेतलं. झेडएफसी डिजिटल, २०२१चा, मी हप्त्यांवर घेतला. त्याची वरची चाकं, गोल आयपीस, सगळा घाट एफएम२वरूनच घेतलेला आहे. हातात धरल्यावर मात्र फरक कळतो. एफएम२ची नुसती बॉडी ५४० ग्रॅम, झेडएफसी बॅटरी आणि कार्डासकट ४४५.

एफएम२मधले दोन बटणसेल फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरसाठी असतात. सेल संपले तरी सेकंदाच्या १/४०००पर्यंतचं शटर चालतं, कारण ते स्प्रिंगांवर आणि दातेरी चाकांवर चालणारं यंत्र आहे. आप्पा तर मीटरकडे बघायचेच नाहीत. कडक ऊन आणि आयएसओ २००चा रोल (आयएसओ म्हणजे उजेड टिपायची क्षमता) असेल तर लेन्सचं छिद्र एफ १६ आणि शटर १/२५०, ढग दाटले की छिद्र एफ ८. मला ते पाठ करायला लावलं होतं, आणि आजही बाहेर पडल्यावर उजेड बघून आकडे आपोआप डोक्यात येतात. फोकस हातानेच करायचा. मधल्या छोट्या गोलात चेहरा दोन तुकड्यांत दिसतो, ते तुकडे जुळले की झालं. चाळिशी लागल्यापासून मला याला वेळ लागतो. डाव्या डोळ्याने बघणाऱ्यांना आणखी एक अडचण आहे: रोल पुढे सरकवायचा लिव्हर थोडा बाहेर ओढल्याशिवाय शटर सुटत नाही, आणि बाहेर ओढला की तो कपाळात रुततो. विकत घेण्याआधी एकदा डोळ्याला लावून बघाच.

भाच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची सूचना ही. रोल भरून झाकण लावलं की लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची खुंटी फिरते का ते बघायचं. फिरत नसेल तर रोल दात्यांत अडकलेलाच नाही. चुलतभावाच्या मुंजीत मी हे पाहिलं नाही. मातृभोजन, भिक्षावळ, सगळं टिपलं असं समजत राहिले, आणि रोल धुऊन आला तो कोराच. त्या दिवशी पंगतीत बसलेले आजोबा पुढच्या वर्षी गेले. ती चुटपुट अजून आहे.

म्हणून जे पुन्हा घडणार नाही त्यासाठी मी झेडएफसीच नेते. मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात हॉलमध्ये चार पिवळे दिवे असतात. तिथे ४००च्या रोलवर शटर १/३०च्या खाली उतरतं आणि नाचणारी मुलं हललेलीच येतात. झेडएफसीवर आयएसओ ६४०० लावलं, डोळा शोधणारा फोकस चालू केला, तर बहुतेक फोटो कामाचे येतात. थोडे दाणे दिसतात, पण चेहरे दिसतात. बॉडीत हादरे शोषणारी यंत्रणा नाही आणि कार्ड एकच बसतं, हे ध्यानात ठेवावं. आप्पांची ५० एमएमची लेन्स मी एफटीझेड अडॅप्टर (जुन्या निकॉन लेन्स जोडायचं कडं) लावून झेडएफसीवर चढवते. सेन्सर लहान असल्यामुळे ती ७५ एमएमसारखी दिसते आणि माणसांच्या फोटोंना फार छान पडते.

खर्चाचं स्पष्ट सांगते. रोल, धुलाई, स्कॅन आणि मुंबईचं कुरिअर धरून मला ३६ फोटोंचे साधारण १५०० रुपये पडतात, म्हणजे एका फोटोला ४०च्या वर. एका लॅबमधून निगेटिव्हवर आडव्या रेघा उमटून आल्या, तेव्हापासून कृष्णधवल रोल मी घरीच धुते. काळ्या पिशवीत हात घालून रोल टाकीत चढवायचा आणि डेव्हलपर, म्हणजे रोल धुण्याचं रसायन, २० अंशांवर ठेवायचा. एप्रिलमध्ये सांगलीत नळाचं पाणीच तिशीच्या पुढे असतं, म्हणून टाकी बर्फाच्या परातीत ठेवून बसावं लागतं. मला हे काम मनापासून आवडतं. कॉलेजच्या मुलाच्या खिशाला रोल परवडेल का, हे मात्र त्यानेच बघावं.

आता २०१९च्या ऑगस्टमधल्या महापुराबद्दल. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फूट ओलांडले आणि आमच्या तळमजल्यात माळ्याच्या खालपर्यंत पाणी चढलं. पाणी उतरल्यावर आत गेलो तर निगेटिव्हचे पत्र्याचे डबे चिखलाने भरलेले. मी एक पट्टी उन्हात ठेवणार तेवढ्यात आप्पा ओरडले, "वाळू देऊ नकोस, चिकटतील!" मग बादल्यांत स्वच्छ पाणी घेऊन दोन दिवस एकेक पट्टी धुतली आणि न्हाणीघरात दोरीवर चिमटे लावून टांगली. रंगीतपैकी बऱ्याच पट्ट्यांचा थर सुटून आला. कृष्णधवल निम्म्याहून जास्त वाचल्या. त्यात आईचा लग्नाआधीचा, विहिरीच्या काठावरचा फोटो होता. त्याची कॉपी घरात कुठेच नव्हती.

त्याच खोलीत कॉम्प्युटर होता. माझे सात वर्षांचे डिजिटल फोटो त्यातल्या एकाच हार्डडिस्कवर होते, मुलीच्या बारशापासूनचे. दुरुस्तीवाल्यांनी हात टेकले, एकही फोटो परत आला नाही. दोष डिजिटलचा नव्हता. दुसरी प्रत पुण्याला बहिणीकडे ठेवली असती तर एकही फोटो गेला नसता, आणि निगेटिव्हची अशी तंतोतंत दुसरी प्रत करून ठेवता येत नाही. पण ती दुसरी प्रत आठवणीने करावी लागते, आणि मी सात वर्षांत एकदाही केली नव्हती.

म्हणून भाच्याला माझं सांगणं: पहिला कॅमेरा डिजिटल घे, झेडएफसीसारखा चाकांचा घेतलास तर शटर आणि आयएसओचे आकडे हाताला कळतील. वर्षभराने रोलची ओढ राहिलीच, तर जुना एफएम२ बघायला मला सोबत ने. मागचं झाकण उघडून उजेड अडवणारा काळा फोम चिकट झालाय का ते बघू, लेन्समधून टॉर्च मारून बुरशी शोधू, आणि शटर एका सेकंदावर लावून खरोखर सेकंदभर उघडं राहतं का ते कान देऊन ऐकू.

डिजिटल फोटोंच्या आता माझ्याकडे दोन डिस्क आहेत, एक सांगलीत, एक पुण्यात. शिवाय दर दिवाळीला वर्षभरातले ४० फोटो निवडून त्यांच्या कॉपी काढून आणते. मागे पेन्सिलीने तारीख आणि नावं आप्पा लिहितात, आणि अल्बम वरच्या मजल्यावर ठेवतात.